येसूदादानं बसवलेला पंप

"मग एवढं घट्ट केल्यावर गळतं कसं, मामा?"

"घट्ट केलंस म्हणून."

सर्जाला राग आला. सकाळपासून त्याला भेटेल त्याचा राग येत होता, आणि आता पंपघरात गुलाबमामांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

पाचगणीच्या एका हॉटेलातलं ते पंपघर. पोहण्याच्या तलावामागं, अर्धं जमिनीत. आत दोन पंप. मोठा पंप तलावातलं पाणी ओढायचा, गाळायचा आणि परत सोडायचा. शेजारचा लहान पंप, बूस्टर, त्यातलंच थोडं पाणी घ्यायचा आणि जोर लावून नळीतून तलावाच्या तळाशी धाडायचा. त्या जोरावर तळाशी एक यंत्र रांगत फिरे आणि पालापाचोळा आपल्या पिशवीत गोळा करी. हॉटेलातले सगळे त्याला कासव म्हणत.

गेला महिनाभर कासव एका जागी बसून होतं. सिल्व्हर ओकची पानं तळाशी कुजली होती. निळ्या फरशीवर चहा सांडल्यासारखे डाग पडले होते.

बूस्टर येसूदादानं बसवलेला. सात वर्षांपूर्वी. येसूदादा म्हणजे सर्जाचा थोरला भाऊ. पंपाचं काम तो गुलाबमामा मुलाण्यांकडं शिकला; त्यांचा सगळ्यात चांगला चेला. अडीच महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं, आणि चार दिवसांत तो गेला. वय एकतीस.

सर्जाची शाळा सहावीतच सुटली होती. दादाच्या मागं हत्यारांची पिशवी धरून तो जे शिकला तेवढंच त्याचं शिक्षण. आता पिशवीही त्याच्याकडं आली होती आणि गिऱ्हाइकंही.

त्यानं त्या महिन्यात बूस्टरचा गळका जोड तीनदा खोलला. तीनदा नवं रबर घातलं. तीनदा आवळला. तीनदा गळला, आणि कासवाला जोर पुरला नाही. शेवटी आतून खरखर यायला लागली, आणि काल तो बंदच पडला.

मॅनेजर सुळेबाईंनी नवा पंप मागवून खोका दारात ठेवला होता. बाई वाईट नव्हत्या. उद्या दुपारपर्यंत बसव म्हणाल्या, नाहीतर मला पुण्याहून माणसं बोलवावी लागतील. सर्जानं खोक्याकडं बघितलंही नाही. त्यानं रात्रीच वाईला मामांना फोन लावला. मामांनी सत्तरी ओलांडली होती, तरी पहिल्या एस.टी.नं पसरणीचा घाट चढून आले.

आल्यावर त्यांनी हत्यार मागितलं नाही. एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले, आणि खिशातल्या भाजक्या शेंगा फोडायला लागले.

सर्जानं सगळं सांगितलं. आणि शेवटी एवढंच म्हणाला, की हा पंप दुरुस्त झाला पाहिजे. नवा नको.

मामांनी पंपाला तळहात लावला. दुखऱ्या जनावराच्या पोटाला लावतात तसा. मग पाणी आत यायच्या बाजूचा जोड बोटानं चाचपला. तिथं एक प्लॅस्टिकचं कडं होतं, आट्यांवर फिरवून बसवायचं. पाइप न कापता पंप सोडवता यावा म्हणून असं कडं घालतात. त्याला युनियन म्हणतात.

कड्याला केसाएवढा तडा होता.

"आधी गळत होता का रे हा?"

सर्जा पिशवीतली हत्यारं चाळवायला लागला.

"म्हणजे येसू असताना?"

"...नाही."

मामा शेंग फोडत राहिले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. म्हणूनच सर्जाला सांगावं लागलं.

दादाचे दिवस झाल्यावर दुसऱ्याच सकाळी तो कामावर निघाला होता. मोठा पाना घेऊन. त्या आठवड्यात त्यानं पाचगणीत दादानं बसवलेला एकेक पंप गाठला आणि हाताला लागला तो जोड आवळला. काही गळत नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. दादाच्या हातचं काही सुटू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"किती पंप आवळलेस?"

"अकरा."

"बरं झालं, येसूनं अकराच बसवले होते."

सर्जाला हसू आलं नाही. त्यानं सरळ विचारलं, "म्हणजे दादाचा पंप मीच मारला?"

मामांनी टरफलं एका हातात गोळा केली. उगीच धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पंपाचा मागचा पंखा बोटानं फिरवला. तो अडखळत फिरला, खरखरला आणि थांबला.

"आतलं बेअरिंग वयानं गेलं. सात वर्षं रोज पळालंय, जाणारच. तडा मात्र तुझा."

सर्जा ताडकन उठला. पिशवीतून त्यानं करवत काढली. आता काढायचाच आहे ना, मग पाइप कापतो आणि बाजूला फेकतो, असं काहीसं तो पुटपुटला. करवतीचं पातं पाइपाला लागलं.

"पाणी जायच्या बाजूचा जोड बघितलास?"

सर्जानं तो बघितला नव्हता. तो जोड भिंतीला चिकटून होता. तिथं मोठा पाना फिरायला जागाच नव्हती, म्हणून त्या आठवड्यात तो तसाच राहिला होता. तो दादानं लावल्यावर कुणीच हलवला नव्हता.

"आता तर तो दगड झाला असेल," सर्जा म्हणाला.

"हात लावून बघ."

वीज बंद होती. दोन्ही कॉक बंद होते. सर्जानं भिंत आणि पाइप यांच्यामध्ये कसाबसा हात घातला, कडं धरलं, दात आवळले आणि सगळा जोर एकवटला.

एवढ्या जोराची गरजच नव्हती.

कडं फिरलं. अलगद. डब्याचं झाकण फिरावं तसं.

आत अडकलेलं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आलं. त्यानं हात काढला नाही. भिंतीकडं तोंड करून तो तसाच उभा राहिला...

मामा टरफलं टाकायला बाहेर गेले. टरफलं मूठभर होती, पण त्यांना यायला बराच वेळ लागला.

ते परतले तेव्हा सर्जा खाली बसून दोन्ही जोड न्याहाळत होता. एक चिरलेला, एक धड.

"एवढं सैल ठेवलं होतं दादानं?"

"सैल? सात वर्षांत थेंब तरी गळला का त्यातून?"

सर्जानं नाही म्हणून मान हलवली.

मग मामा थोडं बोलले. येसू पहिल्यांदा त्यांच्याकडं आला तेव्हा अंगात असाच बैल होता, म्हणाले. विहिरीवरच्या एका मोटारीला त्यानं असाच पाना मारून कडं फोडलं होतं. मामांनी त्याचा पाना आठ दिवस ट्रंकेत घालून कुलूप लावलं. रबर बसलं की हात थांबला पाहिजे, एवढंच शिकवलं. इथं काम निघालं तेव्हाचे मॅनेजर येसूला म्हणत होते, ही कडी कशाला घालतोस, पाइप सरळ चिकटव, कोण काढायला येतंय. येसूनं ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना कडी घातली.

"त्याला ठाऊक होतं," मामा म्हणाले, "हा पंप एक दिवस निघणार."

"ठाऊक होतं... आणि तरी एवढं मन लावून बसवला?"

मामा बादलीवरून उठले आणि दारातल्या खोक्याची दोरी सोडायला लागले.

जुना पंप सर्जानं स्वतः उचलला. त्यात राहिलेलं पाणी मामांनी सांडू दिलं नाही, तलावात नेऊन ओतायला लावलं. त्यांची ती जुनी रीत. पाणी ज्याचं त्याला द्यायचं आणि मगच यंत्र हलवायचं. सर्जानं तलावाच्या काठावर बसून पंप कलंडवला. ओंजळभर पाणी निघालं. पाण्यात पाणी मिसळलं.

बूस्टरचे चार बोल्ट मामांनी हातात घेऊन पारखले. त्यांना गंज नव्हता. नव्या पंपाबरोबर नवे बोल्ट आले होते, ते त्यांनी पुडीतच राहू दिले आणि जुने सर्जाच्या हातात ठेवले. सर्जानं ते शर्टाला पुसले. पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

नवा पंप जागेवर बसला. चिरलेलं कडं बदललं. तारा जोडल्या. रबरी रिंगेला बोटानं वंगण लावलं. मग सर्जानं कडं फिरवलं, रबर बसेपर्यंत. तिथं त्याचा हात थांबला आणि डोळे पान्याकडं गेले.

पाना जागेवर नव्हता.

"मामा, पाना कुठं गेला?"

"मी त्याच्यावर बसलोय."

आता सर्जाला हसू आलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा आलं, आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यानं आधी मोठा पंप सुरू केला. पाणी भरून आल्याशिवाय बूस्टर चालू करायचा नसतो, नाहीतर तो कोरडा फिरून जळतो. ते त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पाणी आलं. कॉक उघडले. बूस्टरचा खटका दाबला.

पंप बोलायला लागला. खरखर नाही, अडखळणं नाही.

आणि कड्याखाली एक थेंब जमला.

सर्जाचा हात पुढं गेला.

"थांब," मामा म्हणाले.

"गळतंय मामा."

"थांब जरा."

थेंब मोठा झाला. कड्याच्या काठाला लोंबला. बाहेर माळी कुणाला तरी हाक मारत होता. सर्जाची बोटं कड्याजवळच घुटमळत होती, आणि मामा पान्यावरून उठत नव्हते...

थेंब पडला.

दोघं बघत राहिले. कड्याची कड ओली होती. हळूहळू ती सुकली. दुसरा थेंब आला नाही. पहिला थेंब जोड लावताना कड्याला चिकटून राहिलेला असावा. तो गळून गेला, बस.

सर्जानं हात मागं घेतला आणि पँटला पुसला.

बाहेर कासव हललं. आधी जागच्या जागी गिरकी घेतली, महिनाभर बसून अवघडल्यासारखी. मग चालायला लागलं. ते जिथून गेलं तिथं फरशीचा निळा पट्टा उघडा पडला. सुळेबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. सर्जाला म्हणाल्या, छान झालं, आता तेवढं घट्ट बसवलंयस ना रे, परत गळायला नको. सर्जा म्हणाला, लागतं तेवढं आहे. बाईंनी चहा पाठवते म्हणून सांगितलं आणि गेल्या.

चहा आला. दोघं तलावाच्या काठावर पाय सोडून बसले. ऊन वर आलं होतं. कासव एक कोपरा झाडून दुसऱ्याकडं निघालं होतं. उद्यापासून बाकीच्या दहा पंपांकडं जायचं, एकेक जोड हातानं सोडायचा आणि हातानं बसवायचा, असं सर्जानं ठरवलं. मामा म्हणाले, जा.

छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलला नव्हता, पण जरा सरकवल्यासारखं सर्जाला वाटत होतं.

मग त्यानं विचारलं, "मामा, हासुद्धा एक दिवस निघणार?"

"निघणार की."

"मी असेन तेव्हा?"

"असशील, नसशील."

"मग कोण काढील?"

मामांनी कपातला शेवटचा घोट घेतला.

"कुणास ठाऊक. त्याचा हात दुखू नये, एवढं बघ."