अडकित्त्यांचा चोर

भुजंगराव इनामदारांना काटकसरीचं वेड लागलं. "घर आवरा, पैसा आपोआप वाचेल," असा त्यांनी हुकूम सोडला. माळा, कोठी, न्हाणी, सगळं आवरून झालं. बैठकीतल्या त्यांच्या गादीला मात्र कुणी हात लावला नाही. गादी हलली की इनाम जातं, असं ते मानत.

तरी दर आठवड्याला नवा अडकित्ता विकत आणावा लागेच. शेवटी ते भरल्या बैठकीत कोठी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मथुराक्कांवर गरजले, "आजच्या आज चोर दाखव, नाहीतर तुलाच वेशीबाहेर काढीन!"

तीस वर्षं या घरात राबलेल्या अक्कांनी शांतपणे विचारलं, "चोर कुणीही निघाला तरी वेशीबाहेर?"

"कुणीही! हा माझा शब्द."

"मग सरकार, जरा उठता का?"

चार पाहुण्यांदेखत नाही कसं म्हणणार? इनामदार उठले. अक्कांनी गादीची कड उचलली. खाली तेरा अडकित्ते! सुपारी कातरली की इनामदारच ते तिथं सारत आणि विसरून जात.

अक्कांनी पदर सावरला आणि हळूच विचारलं, "सरकार, वेशीपर्यंत बैलगाडी जुंपायला सांगू, की चालत जाल?"