फळीवरची कोळंबी

"बाबा, माझी कोळंबी त्या फळीवर कधी लागणार?"

लतीफबाबा गळाला दोरा गुंडाळत होते. हेरंब शेजारी उभा होता.

बाबांची झोपडी खाडीच्या तोंडाशी. बोकडाचे केस आणि कोंबड्याची पिसं गळावर बांधून ते मासे भुलवायला खोट्या कोळंब्या करत, येईल त्याला शिकवत. दारावरच्या फळीवर चेल्यांच्या कोळंब्या ठोकलेल्या असत. एकजात सगळ्या माशांनी चावून चोथा केलेल्या. ज्याची कोळंबी फळीवर गेली, त्याचं शिक्षण पुरं झालं.

हेरंबची अजून गेली नव्हती. या दुःखाने त्याला अन्न गोड लागेना.

त्याने डबी उघडली. कापसावर कोळंबी निजली होती. डोळ्यांना काळे मणी, लांबसडक मिशा, पाय सगळे जागच्या जागी. खरंच, देखणी होती.

"काल बाजारातली कोळीण फसली, बाबा! म्हणाली, एवढी ताजी कुठून आणलीस?"

"आणि मासा?"

"मासा...?"

"पाण्यात टाकलीस का?"

हेरंबने डबी छातीशी धरली.

"बाबा, मासे दात लावतात हो!"

बाबा उठले. त्याच्या हातून डबी घेतली, कोळंबी गळाच्या काठीच्या दोरीला बांधली, काठी मागे नेली आणि जोरात फेकली.

कोळंबी पाण्याकडे गेलीच नाही. बघवेना म्हणून मागे पाठ फिरवून उभ्या असलेल्या हेरंबच्या सदऱ्यात, पाठीच्या बरोबर मधोमध, गळ रुतला. बाबांचा हात चुकला की नाही, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नाही.

"ओढू नका, बाबा! ओढू नका!"

"लागलं का रे?"

"मिशी तुटेल!"

बाबांनी कात्री घेतली. गळाभोवतीचा सदरा गोल कापला आणि चिंधीसकट कोळंबी फळीवर ठोकून दिली.

हेरंबला आभाळ ठेंगणं झालं. उघड्या पाठीला खाडीचा वारा झोंबत होता, त्याचंही त्याला भान नव्हतं. पाया पडायला तो वाकला, आणि वाकल्यावर त्याच्या मनात शंका आली.

"पण बाबा... हिला तर मासा लागलाच नाही."

बाबांनी सदऱ्याच्या भोकातून त्याच्या पाठीवर बोट टेकवलं.

"लागला होता की. सुटला का, ते तू सांग."