पाद्रीबाबांचा टाळकरी

श्रीसहजनाथ महाराजांचा मुक्काम भातोडे गावी होता, तेव्हाची ही गोष्ट. गाव तसे लहानच. वरच्या आळीला पाटलांची गढी, मध्ये मारुतीचे देऊळ, देवळाला लागून महाराजांचा मठ, आणि ओढ्यापलीकडे ख्रिस्ती लोकांची वस्ती. वस्तीत अँग्लिकन पंथाचे दगडी देऊळ होते. तिथले पाद्री शमुवेल साळवे याच मातीतले, जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेले. त्यांना सगळे पाद्रीबाबा म्हणत. आसपासच्या गावांतून त्यांच्या पंथाच्या लहान लहान मंडळ्या होत्या. कुठे दहा घरे, कुठे चार. त्या सगळ्यांची काळजी या एकट्या माणसाच्या गळ्यात होती.

त्या वर्षी मानमोडीचा ताप आला. थंडी वाजायची, मान धरायची, आणि आज औत धरलेला गडी उद्या उचलावा लागायचा. अरेरे, काय ते दिवस! महाराजांनी मठातले भजन बंद ठेवले. माणसे दाटीने बसली की ताप पसरतो, ज्याने त्याने आपल्या घरातून देवाला हाक मारावी, त्याला ऐकू येते, असे त्यांनी सर्वांना सांगून टाकले.

एके सकाळी महाराज ओढ्यावर स्नानाला गेले असता पलीकडून पाद्रीबाबांचा आवाज ऐकू आला. एक वाक्य यायचे, मग नुसती शांतता. पुन्हा एक वाक्य, पुन्हा शांतता. महाराज तसेच ओल्या पंचाने पलीकडे गेले. देवळाचे दार उघडे होते आणि आतली बाके रिकामी होती. पाद्रीबाबा एकटेच गुडघे टेकून बसले होते.

महाराजांनी विचारले, मधेच थांबता कशाला? पाद्रीबाबांनी सांगितले, ही आमची विनवणीची प्रार्थना एकट्याने म्हणायची नसते. पुढच्याने एकेक मागणे मागायचे आणि मागच्या मंडळीने 'ऐक' म्हणायचे. मी रोज एकेका गावाचे, तिथल्या मंडळीचे, तिथल्या आजाऱ्यांचे नाव घेतो. पण आमच्या वस्तीतले निम्मे लोक तापाने पडलेत, आणि उरलेले त्यांच्या उशाशी आहेत. मी सवयीने थांबतो, उत्तर येत नाही, आणि मग पुढे बोलवत नाही.

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तुमच्याकडे पुढचा आहे, मागचा नाही. आमचा मागे धरणारा घरी रिकामा बसलाय. उद्यापासून तो येईल."

हा मागे धरणारा म्हणजे रायाजी. घोंगड्या विणून पोट भरणारा साधा माणूस. पुढे उभे राहून त्याने जन्मात एक अभंग म्हटला नव्हता, पण हातात टाळ घेऊन तो अभंग म्हणणाऱ्या बुवांच्या मागे उभा राहिला की मागच्यांनी उचलायचे धृपद कधी खाली पडायचे नाही. महाराजांनी त्याला बोलावून सांगितले आणि तो "व्हय महाराज" म्हणाला. झाले! मठाच्या ओट्यावर बसलेली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतच राहिली. महाराजांचा टाळकरी ओढ्यापलीकडे जाणार? त्या वस्तीत? त्या देवळात?

सर्वांत मोठा धक्का बसला तो शिदोजी पाटलांना. पाटील मठाचे कारभारी. माणूस वाईट नव्हता, पण ताठा असा की सावलीनेही वाकू नये. ओढ्यापलीकडच्या माणसाने गढीची पायरी चढलेली त्यांना खपत नसे. महाराजांसमोर ते गप्प बसले, पण रायाजी बाहेर येताच त्यांनी त्याला सर्वांदेखत धरले. आता गळ्यात क्रूस कधी घालणार, येताना पाव घेऊन ये आमच्यासाठी, असे काय काय बोलले. बाकीचे हसले. रायाजी खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला तेव्हा अडचण निराळीच निघाली. पाद्रीबाबांनाच संकोच वाटला. याने आपल्या देवाचे नाव घेतले तर मी काय करू, आणि याला माझ्या देवाचे नाव घे असे तरी कोणत्या तोंडाने सांगू? रायाजी म्हणाला, "बाबा, नाव तुम्ही घ्या. माझं काम धृपदाचं. मी नुसतं 'ऐक देवा, ऐक' म्हनंन." पाद्रीबाबांनी प्रार्थनेला सुरुवात केली. पहिल्याच 'ऐक'ला रायाजीने सवयीने टाळ वाजवला आणि जीभ चावली. पाद्रीबाबा मागे न वळता म्हणाले, वाजू दे.

असे रोज चालले. निंबोऱ्याची मंडळी, करजगावची मंडळी, हातवळणची मंडळी, सगळ्यांसाठी तिथे मागणे होत असे आणि मागून रायाजीचा टाळ किणकिणत असे.

हातवळणचे नाव निघाले म्हणून सांगतो, पाटलांची एकुलती एक लेक सगुणा हातवळणलाच दिली होती. तिथे तापाने थैमान घातले होते. ना कोणी तिकडे जायला तयार, ना तिकडून काही खबर. पाटलीणबाईंनी अन्न सोडल्यासारखेच केले होते. पाटील बाहेर मिशीला पीळ द्यायचे आणि आत येऊन लेकीच्या लहानपणच्या पाळण्याजवळ बसायचे. शेवटी त्यांनी ठरवले, महाराज काही म्हणोत, दुसऱ्या दिवशी सकाळीच मारुतीच्या देवळात मोठे भजन मांडायचे, सगळे गाव गोळा करायचे आणि लेकीसाठी देवाला साकडे घालायचे. मागे धरायला अर्थातच रायाजी हवा.

रायाजी हात जोडून म्हणाला की संध्याकाळी म्हणाल तितका वेळ घरून टाळ धरतो, पण सकाळी महाराजांनी नेमून दिलेली चाकरी आहे, ती चुकवता येत नाही. पाटलांचा पारा चढला. माझी लेक तिकडे मरणाच्या दारात असेल आणि माझ्याच गावचा टाळकरी परक्यांसाठी 'ऐक ऐक' करत बसणार? त्यांनी रायाजीला दंडाला धरून गढीतल्या वैरणीच्या खोलीत ढकलले, बाहेरून कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला खोचली.

सकाळ झाली, पण भजन बाजूलाच राहिले. पाटलांना आधी ओढ्यापलीकडची गंमत बघायची होती. टाळकरी नाही म्हटल्यावर पाद्री कसा अडखळतो ते डोळ्यांनी पाहावे आणि मग मारुतीच्या देवळात जावे, असा त्यांचा बेत. ज्या वस्तीत त्यांनी जन्मात पाऊल ठेवले नव्हते तिथे ते उपरण्याने नाक झाकून गेले आणि देवळाच्या दाराशी आडोशाला उभे राहिले.

आतून पाद्रीबाबांचा आवाज आला, आणि पाठोपाठ टाळ वाजला. "ऐक देवा, ऐक."

पाटलांना वाटले भास झाला. त्यांनी डोके आत घातले. शेवटच्या बाकामागे रायाजी उभा होता! तीच विटकी बंडी, तेच मुंडासे, टाळ धरायची तीच ढब. हात आपसूक कनवटीकडे गेला. किल्ली जागेवर होती.

तेवढ्यात पाद्रीबाबांचे पुढचे मागणे त्यांच्या कानावर पडले. "हातवळणच्या मंडळीसाठी. तिथली आमची मार्थाबाई आपलं घर सोडून जिची सेवा करते आहे, त्या पाटलांच्या सगुणेसाठी. तिच्या सासरचं सगळं घर अंथरुणाला खिळलंय, तिला घोटभर पाणी द्यायलाही दुसरं कोणी नाही. देवा, पोरीला तिच्या आईबापाकडे परत दे."

"ऐक देवा, ऐक."

पाटील दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. माझी सगुणा! या लोकांच्या हातचे पाणी पिऊन जगते आहे, आणि मला पत्ता नाही! मग त्यांना आठवले की काल रात्रीच वस्तीतला एक माणूस गढीवर काही निरोप घेऊन आला होता, आणि त्यांनी तो न ऐकताच त्याला पायरीवरून हाकलला होता. पुन्हा आत बघायचा धीर होईना.

ते गढीकडे पळत सुटले. गावाने पाटलांना पळताना कधी पाहिले नव्हते. वैरणीच्या खोलीचे कुलूप जसेच्या तसे. त्यांनी ते काढले. आत कडब्यावर रायाजी पडलेला, अंग तव्यासारखे तापलेले, डोळे मिटलेले. ओठ मात्र हलत होते. "ऐक देवा, ऐक," एवढेच शब्द. त्यांनी स्वतःच्या हातांनी रायाजीला उचलले, माजघरात नेऊन आपल्या बिछान्यावर निजवले आणि पाटलीणबाईंना त्याच्या उशाशी बसवले. तिथून ते अनवाणी मठात आले.

महाराज तुळशीला पाणी घालत होते. पाटलांनी धाडकन पायांवर अंग टाकले आणि तुटक तुटक शब्दांत सगळे सांगितले. "महाराज, रायाजी कुलपात होता. मग तिथं कोण होतं?"

महाराज म्हणाले, "शिदोजी, मागणारा मागत होता आणि मागे धरणाऱ्याला तू कोंडलंस. धृपद खाली कसं पडू द्यायचं? ज्याला पडू द्यायचं नव्हतं तो स्वतः येऊन उभा राहिला. तुला दिसला, एवढं तुझं भाग्य."

पाटील ढसाढसा रडले. माझी लेक वाचेल का, एवढे सांगा, म्हणून त्यांनी पदर पसरावा तसे उपरणे पसरले. महाराज इतकेच म्हणाले, "रायाजी तापात आहे. उद्या पाद्रीबाबांच्या मागे कोण धरणार, त्याची मला काळजी पडलीय."

पाटलांनी वर पाहिले. महाराज आपले शांतपणे पाणी घालत होते.

दुसऱ्या दिवशी पाटील ओढा ओलांडून गेले. या वेळी नाक झाकले नव्हते. वस्तीतली माणसे दारादारांत थिजल्यासारखी उभी राहिली. पाद्रीबाबांनी पाटलांना पाहिले आणि हे आता काय करतात म्हणून तेही घाबरले. पाटलांनी पागोटे काढून हातात घेतले. काल रायाजी माझ्या कुलपात होता, हे त्यांनी सांगितले तेव्हा पाद्रीबाबा मटकन बाकावर बसले. मग ते हळूच म्हणाले, "काल त्याचा आवाज फार जवळून आला, पाटील. मला वाटलं, आज हा पुढे सरकून उभा राहिलाय."

प्रार्थना सुरू झाली. निंबोऱ्याचे नाव आले. पाटलांनी आयुष्यात कुणाच्या मागे धरले नव्हते. पहिला 'ऐक' घशातच अडकला. दुसरा कसाबसा निघाला. करजगावला जरा मोठा निघाला. मग पाद्रीबाबा म्हणाले, "हातवळणच्या मंडळीसाठी," आणि पाटलांचा 'ऐक' काही निघाला नाही. पाद्रीबाबा थांबून राहिले.

तेवढ्यात दारात एक धुळीने माखलेला माणूस येऊन उभा राहिला. तो मार्थाबाईचा नवरा होता, हातवळणहून पायी आलेला. पाटलांना तिथे पाहून तो दचकला आणि मागे सरकला. पाटलांनीच त्याला आत बोलावले. तो म्हणाला, "पाटील, लेक तुमची उठून बसली. काल सकाळी घाम फुटला आन् ताप उतरला. रात्री पेज मागून घेतली तिनं."

पाटलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. काल सकाळी! ते कुलूप, तो टाळ, ते मागणे, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम उभे राहिले.

तो माणूस मात्र अजून तसाच उभा होता. पाद्रीबाबांनी विचारले, मार्था कशी आहे? त्याची मान खाली गेली. "आज पहाटेपासनं ती पडलीय, बाबा. मान धरलीय तिची. म्हून पळत आलो."

पाद्रीबाबा पुढे वळले, पण त्यांच्याने बोलवेना. मार्थाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले होते. बाहेर जमलेल्या लोकांना वाटले, पाटलांना हवे होते ते मिळाले, आता घोड्यावर बसून हातवळणला निघतील. त्यांनी निघावे म्हणून कुणीतरी वाटही करून दिली.

पाटील हलले नाहीत. शेवटच्या बाकामागे, काल जिथे त्यांनी रायाजीला पाहिले होते तिथे, त्यांनी गुडघे टेकले आणि उघडे मस्तक दगडी फरशीवर ठेवले.

"पाद्रीबाबा," ते म्हणाले, "माझ्या मार्थाबाईचं नाव घ्या. मी मागं आहे."