गाडीतली गादी

“गादी हलवायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

“पण का?” नीरजानं विचारलं होतं.

रंगरावतात्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं होतं. ते मठाचे कारभारी, त्याआधी शाळेचे मुख्याध्यापक. “दुसरं वाक्य ऐकू आलं नाही का तुला?”

गादी म्हणजे मठाच्या गाडीतली ड्रायव्हरची सीट.

दादाबुवा सहा फुटी माणूस. गाडी स्वतः चालवायचे, घाट उतरून गावोगाव जायचे. ते गेले त्या दिवशी सीट जिथं होती तिथंच राहिली. सरकवायचा दांडा तात्यांनी लाल नाड्यानं करकचून बांधला. पाठीवर भगवं कापड चढलं. दाराजवळच्या खांबावरची सीटबेल्टच्या पट्ट्याची कडी दादाबुवांच्या खांद्याला येईल एवढी वर होती. तिच्यात तुळशीची माळ अडकवली गेली.

गाडी अजूनही दादाबुवाच चालवतात, असं मठात सगळे म्हणत. चालवणाऱ्याचे नुसते हातपाय.

सध्या ते हातपाय नीरजाचे होते.

कॉलेज संपवून ती माईंजवळ शिकायला मठात आली होती. दादाबुवांच्या मागं मठ माईच सांभाळत. नीरजाकडं लायसन होतं, म्हणून किल्ली तिच्याकडं आली. तिची उंची पाच फुटांच्या आत. पाय पोचावेत म्हणून ती पाठीशी दोन उशा घ्यायची. उशांना कुणाची हरकत नव्हती. गादी हलत नव्हती ना!

पट्टा मात्र थेट गळ्यावर यायचा.

मग तिनं युक्ती काढली. पट्टा काखेखालून घ्यायचा. गळा सुटतो, नियम मोडत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पट्टा लावलेला दिसतो. तात्यांनाही गुंडाळलं आणि चौकातल्या पोलिसालाही, असं तिला वाटायचं. त्याचा थोडा अभिमानही होता.

परवा घाटात एक म्हैस आडवी आली.

नीरजानं ब्रेक दाबला. उशा घसरल्या, ती सीटवरून अर्धी खाली ओढली गेली आणि पट्टा बरगड्यांत रुतला. म्हशीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि ती सावकाश निघून गेली.

नीरजानं हे कुणाला सांगितलं नाही.

आज माईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यानं आता फक्त उजेड कळत होता. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच मोठे डॉक्टर येत. आजची वेळ चुकली तर महिनाभर थांबायचं, आणि तोवर उरलेला उजेड राहील याची खात्री कुणी देत नव्हतं.

माई पुढं बसल्या. अंगात दादाबुवांचीच कफनी, खालून हातभर कापून स्वतः टाके घातलेली. मागं तात्या आणि विष्णुअण्णा. अण्णा दादाबुवांचे सगळ्यांत जुने शिष्य.

नीरजानं पट्टा काखेखालून ओढून खटकन लावला. इंजिन सुरू केलं.

माईंनी हात पुढं केला. बोटांना नीरजाच्या कमरेपाशी पट्टा लागला. तो चाचपत बोटं वर वर गेली... आणि काखेत थांबली.

“पुढं कुठं गेला हा?”

“काखेखालून घेतलाय.”

“असाच असतो?”

“नाही.”

बोटांनी बरगडी दाबली. नीरजा कळवळली.

“काय झालं?”

“म्हैस.”

“म्हशीनं मारलं?”

“म्हशीनं नाही, माई. पट्ट्यानं.”

मागून अण्णा हसले. माई हसल्या नाहीत.

“मग लावतेस कशाला?”

“चौकात पोलीस असतो.”

“आणि घाटात?”

“घाटात नसतो.”

“मग घाटात कुणासाठी लावतेस?”

नीरजानं काखेतल्या पट्ट्याकडं पाहिलं.

इंजिन घुरघुरत राहिलं.

मग तिनं ते बंद केलं. पट्टा सोडला, खाली उतरली आणि मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

“तात्या, दांड्याचा नाडा सोडा.”

“काय?”

“सीट पुढं घ्यायचीय. थोडी वर घ्यायचीय. आणि ही कडी खाली.”

“वेळ काय, तू बोलतेस काय!” तात्या दार उघडून खाली उतरले. “माईंना उशीर होतोय. बस गपचूप.”

“पट्टा खांद्याच्या मधोमध यायला हवा. खालचा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही. काखेतून घेतला तर तोच बरगडी मोडतो. आणि पाठीशी उशा म्हणजे घसरगुंडी. परवा ब्रेक दाबला तेव्हा मी सीटखाली गेले असते. मग घाटाच्या वळणावर स्टिअरिंग कुणी धरलं असतं?”

“दादाबुवांनी,” अण्णा आतूनच म्हणाले. अगदी सहज.

“अण्णा, ती गाडी आहे हो! गादी कुठली आणि गाडी कुठली, हेच इथं कुणाला कळत नाही.”

“जीभ आवर,” तात्या म्हणाले. “तुझ्याआधी भिकोबानं चालवलीच ना? तोही तुझ्याएवढाच. एक शब्द बोलला नाही कधी.”

“पट्टा कुठून घ्यायचा तो?”

तात्यांनी चष्मा सारखा केला.

“कुठून घ्यायचा?”

“...लावायचाच नाही.”

“आता कुठं असतो भिकोबा?”

तात्यांनी मान वळवली. भिकोबा गाडी घेऊन पुलाच्या कठड्याला धडकला होता, छाती स्टिअरिंगवर आदळून तिथंच गेला होता. मठात तो विषय निघत नसे. नीरजाला तो स्वयंपाकघरात कळला होता, कुजबुजत.

“त्याची श्रद्धा कमी पडली,” अण्णा हळूच म्हणाले.

नीरजाच्या अंगाची लाही लाही झाली.

“त्याची उंची कमी पडली, अण्णा! आणि त्याला ते सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही सहा फुटी माणसाचं माप बांधून ठेवलंत, आणि त्यात जो मावत नाही त्याची श्रद्धा मोजता?”

“माई,” तात्या पुढच्या खिडकीशी वाकले, “तुम्हीच सांगा हिला. दोन बुकं शिकलेली पोर आपल्याला दादाबुवा शिकवणार का आता?”

कफनीच्या काठाशी माईंची बोटं चाळा करत होती. टाक्यांवरून पुढं... टाक्यांवरून मागं...

नीरजानं त्यांच्याकडं बघितलं. त्या एका डोळ्यातला उजेड. महिनाभराचा उशीर. बसावं का? एकदाच... आजच्यापुरतं?

बरगडीत कळ आली.

तिनं हात आत घालून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली.

“माई, मला माफ करा. मी या गादीवर बसणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही. घाटात माझा पाय ब्रेकवरून सुटला तर तुम्हीही माझ्याबरोबर जाल.” मग ती तात्यांकडं वळली. “तुम्ही म्हणता ना, गाडी दादाबुवा चालवतात? ही किल्ली. त्यांना चालवू दे.”

तात्यांनी किल्लीकडं पाहिलं. अण्णांनी पाहिलं.

किल्ली जिथं होती तिथंच राहिली.

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

पुढचं दार उघडलं. माई खाली उतरल्या. बॉनेटला हात लावत लावत गाडीच्या पलीकडं गेल्या, ड्रायव्हरच्या दाराशी आल्या आणि कफनी आवरून उकिडव्या बसल्या. सीटखाली हात घातला.

नाड्याची गाठ जुनी, आवळलेली. माईंना दिसत नव्हतं. नखांनी उकलेना, तेव्हा वाकून त्यांनी गाठीला दात लावले.

“माई!” तात्या पुढं झाले... आणि तिथंच थांबले.

गाठ सुटली.

माईंनी दांडा उचलला. इतक्या वर्षांची सीट कर्रकन ओरडली आणि पुढं सरकली. त्यांनी उशा एकेक करून बाहेर काढल्या. मग कडीतली माळ काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

“कडी तुझी तू लाव,” त्या नीरजाला म्हणाल्या.

नीरजा बसली. सीट वर घेतली. पाय पेडलवर पुरते टेकले, तरी छाती स्टिअरिंगपासून वीतभराहून लांब राहिली. तिनं कडी खाली ओढली. खट्. पट्टा खांद्यावरून छातीवर उतरला आणि कमरेवर बसला. गळा मोकळा होता.

मागं अण्णा रडत होते. लहान मुलासारखं त्यांनी विचारलं,

“माई, मग आता... दादाबुवांनी बसायचं कुठं?”

तात्यांनी मान खाली घातली.

माई पुढं येऊन बसल्या. स्वतःचा पट्टा चाचपून ओढला, लावला.

“मागं,” त्या म्हणाल्या. “पट्टा लावून.”