ओढ्यापलीकडचं पाडस

“महाराज, ह्याला दूध कुठलं चालेल? गाईचं की शेळीचं?”

केवळगिरी महाराज झोपडीपुढे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली.

समोर त्यांचा शिष्य शंभुगिरी उभा होता. त्याच्या भगव्या उपरण्यात सांबराचं पाडस होतं, चार-पाच दिवसांचं. कान तेवढे मोठे, बाकी सगळे पायच.

“कुठे मिळालं?”

“ओढ्यापलीकडच्या गवतात. एकटंच पडलं होतं. आई टाकून गेली असणार. मी बराच वेळ वाट पाहिली, कोणी फिरकलं नाही.”

शंभुगिरी भूतदयेवर प्रवचन करी, आणि ते लोकांना आवडेही. आज तर स्वारी प्रवचनच कडेवर घेऊन आली होती. चेहरा नुसता फुलला होता.

“ओरडत होतं?”

“छे! अगदी गप्प.”

“टाकलेलं पोर गप्प बसतं होय रे?”

शंभुगिरीने उपरण्यातल्या पाडसाकडे पाहिलं. महाराज पुढे म्हणाले,

“आईच्या अंगाला वास असतो. त्या वासावर बिबट्या येतो. एवढ्याशा पिलाला वास नसल्यातच जमा. म्हणून ती दूध पाजते, त्याला गवतात निजवते आणि लांब जाऊन चरते... जवळ राहावंसं वाटत नसेल तिला?”

शंभुगिरीचा चेहरा खर्रकन उतरला. चांगलं करायला निघालेल्या माणसाला चूक दाखवणं फार वाईट. कोणालाही त्याची दयाच आली असती.

“मला आई नव्हती, महाराज. मला वाटलं... हेही तसंच.”

महाराजांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. शिष्याच्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला. पाडसाला मात्र बोटही लावलं नाही.

“चल. अजून ऊन आहे.”

ओढ्यावर त्यांनी, माणसाचा वास जावा म्हणून, शंभुगिरीला चिखलाने हात चोळायला लावले. मग शंभुगिरीने पाडस जिथून उचललं होतं तिथेच, गवत दबलेल्या जागी ठेवलं. पाडसाने पाय दुमडले, मान खाली घातली आणि ते पुन्हा गप्प झालं.

दोघे ओढा ओलांडून एका सागाच्या आडोशाला बसले. बऱ्याच वेळाने वरच्या उतारावरून सांबराचा एक भसाडा आवाज आला. पाठोपाठ खूर आपटल्याचा.

“तीच ना?” शंभुगिरी कुजबुजला.

“तीच. आपल्याला पाहते आहे.” महाराज उठले. “चला.”

शंभुगिरी हलेना.

“तुम्ही व्हा पुढे. ती आलेली एकदा डोळ्यांनी पाहतो, मग येतो.”

“कशाला?”

“त्याशिवाय घास उतरायचा नाही, महाराज. तिने त्याला घेतलंच नाही तर? त्याचं काही बरंवाईट झालं, तर पाप माझं.”

“तुझंच. पण माणूस दिसतोय तोवर ती खाली उतरायची नाही.”

शंभुगिरीचे डोळे भरून आले.

“मग ती आली की नाही, मला कळणार कसं?”

महाराजांनी त्याचा चिखलाने माखलेला हात धरून त्याला उठवलं.

“तुला ते कळायलाच हवं असेल, तर ती यायची नाही. चल, बाळा.”