शेवाळतळ्याचा कबड्डी संघ

फार मागची गोष्ट. तेव्हा बेडूक कबड्डी खेळत, आणि दम असा की एका चढाईत सूर्य मावळे. तरी शेवाळतळ्याचा संघ खेकड्यांकडून सलग एकोणीस सामने हरला. संघ निवडायचे बगळेअण्णा, आणि त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गोंदू बेडूक एकही सामना चुकवत नसे. संघ हरला की काठावरून तोच आधी ओरडे, “अण्णा, ज्याची पकड सुटली त्याला काढा.”

“प्रेक्षकांचं ऐकलंच पाहिजे,” अण्णा म्हणत. दुसऱ्या दिवशी तो गडी तळ्यात दिसत नसे. काढलेले जातात कुठे, हे गोंदूने कधी विचारलं नाही. अण्णा मात्र दर पराभवानंतर गुबगुबीत दिसत.

विसाव्या सामन्याला एकच गडी उरला होता, गोंदूचा धाकटा भाऊ पिलाजी. तोही हरला. गोंदू गप्प राहिला, पण सवयीने सगळा काठ ओरडला, “काढा त्याला.”

“अण्णा, एकटा सातजणांशी लढला हो तो,” गोंदू काकुळतीला आला.

“आजवर तुझंच ऐकलं ना, गोंदबा?” चोच पुसत अण्णा म्हणाले. “आता सातही जागा रिकाम्या आहेत. तुला खेळातलं एवढं कळतं, उद्यापासून तूच ये.”

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला.