बोडक्या गळ्याच्या शेळ्या

आनोमेराच्या डोंगरावर शेळ्या पुष्कळ, पण एकीच्याही गळ्यात घंटा नाही. खाली बंदरात औषधालाही शेळी सापडायची नाही, आणि तिथे मात्र प्रत्येक होडीच्या डोलकाठीला शेळीची घंटा. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर आलेले पाहुणे सकाळी बंदरात तळलेले मासे खातात, दुपारी घाट चढून वर येतात आणि हा उलटा कारभार काय म्हणून कॉफीच्या दुकानात विचारतात. दुकानदार स्तामातिस आजोबा आधी सगळ्यांना बसवतात. उभ्या माणसाला गोष्ट लागू पडत नाही, असं त्यांचं मत आहे.

चाच्यांच्या काळात इथे कालियोपी नावाची म्हातारी राहायची म्हणे. नवरा नाही, लेकरू नाही. होत्या त्या शेळ्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे प्रत्येक शेळी ती घंटेच्या नादावरून ओळखायची. मावरा नावाच्या काळ्या शेळीची घंटा चिरलेली होती, ठसका लागल्यासारखी वाजायची. बाई जिभेची तिखट. ‘डोळे असून ठेचकाळता,’ असं साऱ्या गावाला येता-जाता सुनावायची.

एका पहाटे चाच्यांची गलबतं बंदराला लागली. बंदरकर हाताला लागेल ते उचलून डोंगर चढले आणि दोन्ही गावं मागच्या घळीत लपली. शेळ्याही आत घेतल्या, कारण शेळ्या गेल्या तर हिवाळ्यात खायचं काय? पोरांची तोंडं दाबली, कुत्र्यांच्या मुसक्या बांधल्या. घंटांचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जन्मभर कानावर पडणारा तो नाद डोंगरकऱ्यांना आवाज वाटतच नव्हता. आणि बंदरकर पडले पाहुणे, ते यजमानांना काय शिकवणार!

भानावर होती ती कालियोपी. “मेल्यांनो, घंटा वाजताहेत,” ती कुजबुजली. लोक घंटा काढायला धावले, तेव्हा तिनेच हात धरले. चाचे त्या आवाजाच्या मागावरच चढत होते. आवाज एकदम तुटला असता, तर कळप इथेच दडलाय हे त्यांनी ओळखलं असतं.

“एकेक काढा आणि माझ्या गळ्यात घाला,” ती म्हणाली.

“थिया, तुला दिसत नाही,” लेफ्तेरिस नावाचा कोळी म्हणाला. थिया म्हणजे मावशी.

“वाट पायांना पाठ आहे. तू माझ्या मावराला सांभाळ. आधी कान खाजव, मगच दूध देते ती.”

तिला भीती वाटली नाही, असं कुणीही सांगत नाही. तिचं अंग इतकं कापत होतं की घंटा आपसूक वाजू लागल्या.

कड्याच्या वाटेने ती कळपासारखी चालली. दोन पावलं जायची, चरायला थांबल्यासारखी थांबायची, मान हलवायची. चाचे वळले. घळीतल्या लोकांना नाद लांब जाताना ऐकू येत होता. शेवटी ती ठसक्याची घंटा तेवढी उरली, आणि मग तीही थांबली.

कळपाऐवजी चाच्यांच्या हाती एक म्हातारी लागली. संतापून त्यांनी घंटा ओरबाडून फेकल्या आणि तिला गलबतावर घालून नेलं. दुसऱ्या दिवशी लोकांना कड्यावर सगळ्या घंटा मिळाल्या. मावराची तेवढी नव्हती.

लेफ्तेरिसने त्यातली एक आपल्या होडीला बांधली. “तिला दिसत नाही, पण ऐकू तर येईल,” तो म्हणाला. त्याचं पाहून साऱ्या बंदराने बांधल्या, आणि डोंगरकऱ्यांनी एकही परत मागितली नाही.

“पण तिला जाऊन शतकं लोटली असतील!” कुणीतरी पाहुणा म्हणतोच.

“उशीर झालाय खरा,” स्तामातिस आजोबा मान्य करतात, आणि कप उचलायला लागतात.

आजही आनोमेरात दूध काढण्याआधी शेळीचा कान खाजवतात. आजही इथली होडी परक्या बंदराला लागली की खलाशी आधी डोलकाठीची घंटा हलवतात. मग हातातलं काम सोडून सगळे जरा वेळ गप्प उभे राहतात, धक्क्यावरून एखादी चिरलेली घंटा वाजते का, ते ऐकत.